कुजविणाऱ्या जंतूची चाकरी

व्याख्यानाचा विषय कळवावा असे चिटणीसांचे पत्र आले, तेव्हा मी उलट टपाली लिहिले, “भाजलेली जखम आणि जंतू”. त्यावर त्यांनी मोठ्या अदबीने विचारले की वसंतात काही प्रसन्न विषय घेता येणार नाही काय? त्यांचे म्हणणे रास्त होते. उन्हाळ कांदा चाळीत भरण्याची घाई बाजूला ठेवून कसमादे पट्ट्यातील मंडळी संध्याकाळी देवळ्यात येऊन बसणार, आणि त्यांच्यापुढे पू आणि मेलेले मांस यांची कथा सांगायची! तरीही मी विषय बदलला नाही. त्याचे कारण आधी सांगतो.

माझ्या लहानपणी आमच्या आळीत एका बाईच्या अंगावर स्टोव्हचा भडका उडाला. मान, छातीचा काही भाग आणि डावा हात भाजला. चार दिवस दवाखान्यात ठेवून तिला घरी आणले, आणि मग रोज सकाळी कंपाउंडर पट्टी बदलायला येऊ लागला. आमची शाळेला निघण्याची वेळ तीच. वाळून जखमेला चिकटलेली पट्टी तो ओढी, आणि तिच्याबरोबर मेलेले मांस सुटे तसे नवे, जिवंत मांसही सुटे. तिचे ओरडणे गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येई. आम्ही मुले कानांवर हात ठेवून पळत असू. मेलेले तेवढे निघावे आणि जिवंत राहावे असे काही नसते का, असे मी घरी विचारल्याचे आठवते. तेव्हा कोणी उत्तर दिले नाही. पुढे कळले की हाच प्रश्न वैद्यकाने दोन हजार वर्षे विचारला आहे, आणि त्याला मिळालेल्या उत्तरांपैकी सर्वांत चमत्कारिक उत्तर शेतातल्या मातीत राहणाऱ्या एका जंतूने दिले आहे.

वरवर पोळले तर फोड येतो, आग होते आणि कातडी आपली आपण भरून येते. पण भाजणे कातडीच्या पूर्ण जाडीतून खाली गेले, म्हणजे कातडी मरते. ती पांढुरकी किंवा काळपट, चामड्यासारखी ताठ होते आणि खालच्या जिवंत थराला घट्ट धरून बसते. या करपलेल्या थराला रक्त पोहोचत नाही. म्हणून रक्तातले संरक्षक पेशी तेथे जात नाहीत, पोटात घेतलेले औषधही जात नाही. जंतूंना मात्र तो वाढून ठेवलेल्या ताटासारखा असतो. तो थर निघाल्याखेरीज खाली नवी कातडी धरत नाही, आणि दुसरीकडची कातडी आणून लावावी तर तीही रुजत नाही. शिवाय जितके दिवस जखम उघडी राहील तितके खालचे मांस आक्रसत जाते. मानेवरची जखम हनुवटी छातीकडे ओढते, तळहातावरची बोटे मिटवते. तेव्हा प्रश्न दुखण्याचा आहेच, पण त्याहून दिवसांचा आहे.

सुश्रुताने भाजण्याचे चार प्रकार सांगितले आहेत: प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध आणि अतिदग्ध. अतिदग्धात लोंबणारे, सैल झालेले मांस काढून टाकावे आणि मग शीतल उपचार करावे, असे त्याचे सांगणे आहे. हे त्याने किती नेमके हेरले होते! पण त्याचा शब्द पाहा: जे सैल झाले आहे तेच काढावे. जे अजून घट्ट बसले आहे त्याचे काय? ते सैल होण्याची वाट पाहायची. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगभरच्या दवाखान्यांत बहुधा तेच चाले. दोनतीन आठवडे थांबले की करपलेला थर कडेकडेने सुटू लागे.

तो का सुटे? त्या थराखाली शिरलेले जंतू आपल्या अंगातून पाचक द्रव्ये सोडतात. शास्त्रज्ञ त्यांना एन्झाइम म्हणतात. आपल्या पाठ्यपुस्तकांत विकर असा शब्द आहे. जंतूला तोंड नाही, दात नाहीत, पोट नाही. तो आपला पाचक रस बाहेर ओततो, अन्न बाहेरच विरघळवतो आणि ते शोषून घेतो. त्या रसाने करपलेल्या थराचे धागे तुटतात आणि थर सुटतो. म्हणजे शल्यवैद्य ज्याची वाट पाहत बसे ते काम जंतूच करीत होता. फक्त तो हे काम करता करता रोग्याच्या रक्तातही शिरे आणि पुष्कळदा त्याला मारी. पुढे जखमेवर लावायची प्रभावी जंतुनाशक मलमे आली. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील चार्ल्स फॉक्स यांचे सिल्व्हर सल्फाडायझिन १९६८ सालचे. ते पांढरे मलम आजही आपल्या दवाखान्यांत आहे. त्याने जंतू आवरले, रोगी वाचू लागले. आणि एक विचित्र तक्रार पुढे आली, ती अशी की करपलेला थर आता लवकर सुटत नाही. घरातला उपद्रवी गडी काढून टाकावा आणि मग तोच विहिरीचे पाणी भरत होता हे लक्षात यावे, तसे झाले.

तेव्हा जंतू नको, पण त्याचा रस हवा. यासाठी जंतू मुद्दाम वाढवायचा, त्याचा रस गाळून घ्यायचा आणि जंतू फेकून द्यायचा. ऐकायला सोपे आहे. घरोघरी विरजण लावणाऱ्यांना जंतूंची शेती नवीन नाही. पण माणसाच्या शरीरात घालायची वस्तू जंतूंपासून काढणे म्हणजे काय जोखीम आहे, हे आपल्या मुंबईनेच फार लवकर पाहिले आहे.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा हाफकिन हा शास्त्रज्ञ भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात एका खोलीत प्लेगचे जंतू वाढवू लागला. मांसाच्या रश्श्यात जंतू वाढतात. गाय आणि डुक्कर दोन्ही टाळण्यासाठी त्याने बोकडाचे मांस घेतले. रश्श्यावर त्याने तुपाचे थेंब तरंगत सोडले. त्या थेंबांना धरून जंतूंच्या पारंब्या खाली लोंबू लागल्या. आपल्या स्वयंपाकघरातले तूप जंतुशास्त्राच्या इतिहासात असे बसले आहे. ते जंतू उष्णतेने मारून केलेली लस १० जानेवारी १८९७ रोजी त्याने प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९९ साली प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. तीच १९२५ पासून हाफकिन इन्स्टिट्यूट.

पण मधेच १९०२ सालचे मुलकोवाल आहे. पंजाबातल्या या खेड्यात लस टोचलेल्यांपैकी १९ माणसे धनुर्वाताने मेली. सगळी एकाच बाटलीतून टोचलेली होती. हाफकिनवर ठपका आला, त्याला काम सोडावे लागले. खेड्यात ती बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरता निर्जंतुक न करता वापरला गेला, ही गोष्ट पुढे आली. रोनाल्ड रॉससारख्या शास्त्रज्ञांनी आवाज उठवला आणि १९०७ साली हाफकिन निर्दोष ठरला. धनुर्वाताचा जंतू मातीत राहतो, हवा नसेल तेथेच वाढतो, आणि प्रतिकूल काळात टणक बीजाणू करून वर्षानुवर्षे पडून राहतो. चिमट्याला लागलेल्या धुळीचा एक कण पुरला. आता ज्या जंतूची गोष्ट सांगायची आहे, तो याच घराण्यातला आहे.

पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या शेतांत खंदक खणले गेले. ती शेते पिढ्यान्‌पिढ्या शेणखताने पोसलेली होती, आणि तोफगोळ्याच्या तुकड्याबरोबर ती माती सैनिकांच्या मांसात खोल जाई. १९१४-१५ मध्ये तेथे आपले हिंदी शिपाईही लढत होते. जखमेत वायू धरे, मांस फुगे, कुजे, आणि माणूस एकदोन दिवसांत जाई. याला वायुकोथ म्हणतात. डॉक्टर मंडळी गॅस गँगरीन म्हणतात. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये मिशेल व्हाइनबर्ग आणि सेगँ यांनी अशा जखमांतले जंतू वेगळे केले. १९१६ साली त्यांना एक असा जंतू सापडला की तो प्रयोगातल्या प्राण्याला टोचला असता त्याचे मांस अक्षरशः विरघळून हाड उघडे पडे. त्यांनी त्याला नाव दिले हिस्टोलिटिकस, म्हणजे ऊती विरघळविणारा. अलीकडे जंतुशास्त्रज्ञांनी त्याचे घराणे बदलून त्याला हॅथवेया हे नवे आडनाव दिले आहे; पण गुण जुनेच आहेत.

हा जंतू इतर जंतूंना जमत नाही ते करतो. आपल्या कातडीतले पाणी वगळले तर उरणाऱ्या वजनाचा सुमारे पाऊण भाग कोलॅजेन या एकाच द्रव्याचा असतो. कोलॅजेन म्हणजे तीन पेडांचा घट्ट पिळलेला दोर. आपल्या पोटातली पाचक द्रव्ये या पिळलेल्या दोरापुढे जवळजवळ हात टेकतात. मांस शिजवल्यावर पीळ सुटतो, मग ती त्याला पचवतात. भाजलेल्या जखमेत वरचा थर मेला तरी तो या दोरांनीच खाली शिवलेला राहतो. गोधडीचा वरचा पदर फाटला, विटला, तरी टाके शाबूत आहेत तोवर तो निघत नाही, तसे. वायुकोथाच्या या जंतूचा रस नेमका टाके उसवतो. त्यातल्या त्या द्रव्याला कोलॅजिनेज असे नाव आहे.

ते वेगळे काढण्याचे श्रेय ज्यांच्याकडे जाते त्यांत एक बाई आहेत, आणि त्यांचे आयुष्य सांगण्यासारखे आहे. इनेस मांडल यांचा जन्म १९१७ साली व्हिएन्नात झाला. १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळल्यावर त्या परागंदा झाल्या. आयर्लंडातल्या कॉर्क येथे रसायनशास्त्र शिकल्या. १९४५ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचल्या. तेथे कार्ल न्यूबर्ग हा थोर जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञ त्यांच्यासारखाच निर्वासित होऊन आला होता. त्याच्या हाताखाली त्यांनी काम धरले. ब्रुकलिनच्या पॉलिटेक्निकमधून १९४९ साली त्यांनी डॉक्टरेट घेतली. ती पदवी तेथून मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. मग कोलंबिया विद्यापीठात मॅक्लेनन हे जंतुशास्त्रज्ञ आणि एडवर्ड हाउस हे शल्यवैद्य यांच्याबरोबर त्यांनी या जंतूचा रस हाती घेतला. १९५३ साली कोलॅजिनेज इतर द्रव्यांपासून वेगळे केल्याचा त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. १९५९ साली हाउस, मांडल आणि सहकाऱ्यांनी प्राण्यांवर केलेल्या खोल भाजण्याच्या जखमांवर तो रस वापरून पाहिल्याचे प्रसिद्ध केले. १९६५ साली अमेरिकेत कोलॅजिनेजच्या मलमाला परवानगी मिळाली. त्या मलमाच्या एका ग्रॅममध्ये २५० एकके असतात. बाकी सारे साधे व्हॅसलीन.

कामाची रीत अशी. हवाबंद टाकीत प्रथिनांचा रस्सा भरायचा, त्यातला प्राणवायू घालवायचा आणि त्यात जंतूचे विरजण लावायचे. या जंतूला आपल्याला जगवणारी हवा लागत नाही. तो वाढतो आणि आपला रस रश्श्यात सोडतो. मग जंतू वेगळे काढून गाळून घ्यायचे. एकही जिवंत जंतू किंवा बीजाणू राहता कामा नये, नाहीतर मुलकोवालच. गाळलेल्या रश्श्यात योग्य क्षार घातला की विरघळलेली प्रथिने साका धरून खाली बसतात. त्यातून विषारी द्रव्ये काढून टाकायची, कारण हा जंतू विषही करतो. उरते ती भुकटी मलमात. ज्या जंतूने सैनिकांचे मांस खाल्ले, त्याच्याकडूनच भाजलेल्या मुलांचे टाके उसवून घ्यायचे, असा हा व्यवहार आहे.

या मलमाचे काही रुसवेफुगवे आहेत. चांदी आणि पारा यांच्या क्षारांनी ते निकामी होते, असे त्याच्या सूचनापत्रातच लिहिलेले असते. म्हणजे कोलंबियातच निघालेली दोन औषधे एकमेकांशी बोलत नाहीत. जखम ओलसर हवी. ते लावल्यावर घाई करून चालत नाही, दिवसच्या दिवस जातात. आणि अशक्त रोग्यात सुटलेल्या टाक्यांतून इतर जंतू रक्तात शिरणार नाहीत यावर डोळा ठेवावा लागतो.

याच काळात दुसरे जंतूही चाकरीला लागले होते. घसादुखीचा स्ट्रेप्टोकोकस रक्ताची गुठळी विरघळवतो हे टिलेट आणि गार्नर यांनी १९३३ साली दाखवले. त्या रसातल्या एका द्रव्याने गुठळी आणि दुसऱ्याने दाट पू पातळ होई, म्हणून दोन्हींची जोडी जखमा धुण्यासाठी विकली जाऊ लागली. यातले पहिले द्रव्य, स्ट्रेप्टोकायनेज, पुढे हृदयविकाराच्या झटक्यात रक्तवाहिनी मोकळी करण्यासाठी नावारूपाला आले. गवतावरच्या बॅसिलस सबटिलिस या निरुपद्रवी जंतूपासूनही एक मलम निघाले. ते भाजलेल्या जखमांवर बरेच वापरले गेले, पण त्याला शीतपेटी लागे, त्याने आग होई, आणि ते पुढे बाजारातून गेले. रेशमाच्या किड्याच्या पोटातल्या जंतूपासून जपानात काढलेले सेरॅशिओपेप्टिडेज तर आपण सर्वांनीच दात काढल्यावर सुजेसाठी गिळले आहे. गंमत अशी की पुन्हा तपासले असता साध्या गोळीपेक्षा त्याचा अधिक उपयोग दिसला नाही, म्हणून ज्या जपानी कंपनीने ते आणले तिने २०११ साली ते मागे घेतले. आपल्याकडे ते चालूच आहे.

मग एवढ्या खटपटीने मिळवलेला हा रस सर्व भाजलेल्यांच्या जखमांवर का लागला नाही? एक उत्तर युगोस्लाव्हियातून आले. मारिबोर या गावातील झोरा यान्झेकोविच या शल्यवैद्य बाईंनी वाट पाहणेच सोडून दिले. भाजल्यानंतर पहिल्या काही दिवसांतच करपलेला थर पातळ पापुद्र्यांनी चाकूने तासत जायचे, खालून ताजे रक्त ठिपकू लागले की थांबायचे, आणि लगेच रोग्याचीच कातडी लावायची. १९७० साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि मोठ्या इस्पितळांतली रीत बदलली. जेथे भूल देणारा डॉक्टर, रक्तपेढी आणि तयार हात आहेत, तेथे चाकूपुढे मलम मंद पडते हे मान्य केले पाहिजे.

पण तालुक्याच्या ठिकाणी हे तिन्ही एका वेळी कोठून आणायचे? यावर महाराष्ट्रातल्या डॉक्टरांनी आपल्या परीने डोके लढवले आहे. मुंबईच्या बाई जेरबाई वाडिया मुलांच्या इस्पितळात डॉ. केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या साली गॉजच्या पट्टीवर चिकटवून, वाफेने निर्जंतुक करून भाजलेल्या मुलांच्या जखमांवर बांधल्या. १९८५ साली तो अनुभव त्यांनी पाटील या सहकाऱ्याबरोबर प्रसिद्ध केला. शीवच्या लोकमान्य टिळक इस्पितळात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाची पट्टी केली. तिचे निबंध २००३ सालचे. पान जखमेला चिकटत नाही, म्हणून पट्टी सोडवताना रोगी ओरडत नाही. आमच्या आळीतल्या त्या सकाळी आठवल्या की केळीच्या पानाला हात जोडावेसे वाटतात. मात्र एक सांगून ठेवतो. साल काय किंवा पान काय, ही पांघरुणे आहेत. ती मेलेला थर काढीत नाहीत. आणि ती घरी करायचीही नाहीत. वाफेने निर्जंतुक न केलेले पान म्हणजे पुन्हा माती. घरी करायचे ते एवढेच की भाजल्याबरोबर वीसेक मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे, स्वच्छ कापड टाकावे आणि दवाखाना गाठावा.

मेलेले काढणारी वनस्पतीही आहेत. पपईचा चीक खानदेशात झाडावरच्या फळाला चिरा पाडून गोळा करतात. त्यातले पपेन मांस मऊ करते तसे जखमेतले मेलेले मांसही. अमेरिकेत पपेनची मलमे पुष्कळ वर्षे रीतसर परवानगीवाचून विकली जात होती. ॲलर्जीच्या गंभीर तक्रारी आल्यावर २००८ साली सरकारने ती काढायला लावली. अननसाच्या खोडातले ब्रोमेलेन मात्र वर आले आहे: इस्रायलमध्ये सिद्ध झालेले हे औषध युरोपात २०१२ साली आणि अमेरिकेत २०२२ साली मान्य झाले. चार तास लावून ठेवले की करपलेला थर पुसून काढता येतो, आणि खाली काय जिवंत आहे ते स्वच्छ दिसते. कोलॅजिनेजला आठवडा लागतो तेथे चार तास! पण ते डॉक्टरांच्या हाताखाली, वेदना शमवूनच लावायचे असते.

राहता राहिला पैशाचा प्रश्न. कोलॅजिनेजच्या ३० ग्रॅमच्या एका नळीला अमेरिकेत शेकडो डॉलर पडतात, आणि दोन्ही हात भाजलेल्या माणसाला एक नळी कोठे पुरणार? हे द्रव्य मुळात रस्सा, टाकी आणि गाळणी यांतून निघते. पेनिसिलिनसाठी अशा टाक्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये १९५५ पासून चालल्या होत्या. पुण्याच्या आगरकर संशोधन संस्थेतील कानेकर आणि सहकाऱ्यांनी लोणारच्या खाऱ्या सरोवरातले जंतू आणून त्यांची प्रथिने विरघळविणारी द्रव्ये तपासली. पण त्यांची ओढ धुलाईच्या पावडरीकडे आणि चामड्याच्या धंद्याकडे. आपल्याच जिल्ह्यात सिन्नरला एन्झाइम बनविणारा कारखाना आहे. म्हणजे हात आहेत, टाक्या आहेत, जंतू तर आपल्या प्रत्येक वावरात आहेत. ज्याला भाजते तो बहुधा गरीब असतो, आणि त्यातही चुलीपुढची बाई असते. तिच्यासाठी टाकी लावली तर नफा किती, हे गणित कारखानदार माझ्यापेक्षा चांगले करतात.

आमच्या आळीतली ती बाई वाचली. महिनाभराने थर सुटला, जखम पुढे कित्येक आठवड्यांनी भरली. मान पुढे सरळ होऊ शकली नाही आणि डाव्या हाताची तीन बोटे तळव्याला लागली ती तशीच राहिली. ती भाकरी एका हाताने थापत असे, आणि स्टोव्ह पेटवायची वेळ आली की शेजारच्या मुलाला हाक मारी. कधी कधी तो मुलगा मी असे.